पेल्याच्या बुडावरचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे. पांढऱ्या इनॅमलचा, निळ्या काठाचा, एका जागी टवका उडालेला. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, कोण जाणे. माझे भाऊबंद घराघरांतल्या स्वयंपाकघरात गेले. मी मात्र कॉलेजात गेलो, आणि तेही गणिताच्या वर्गात!

माझा जन्म भट्टीतला. पत्र्यावर काचेचा लेप चढवून मला तापवून काढले. तिथून मी दुकानाच्या फळीवर आलो आणि एके दिवशी सरांच्या पिशवीत. सर अवकल समीकरणांचा पहिला अभ्यासक्रम शिकवायचे. नाव ऐकूनच मुले मागचा बाक गाठत.

"घाबरू नका," सर म्हणत. "एखादी गोष्ट कोणत्या वेगाने बदलते ते कळलं, की पुढे तिचं काय होणार ते सांगता येतं. बस्, एवढंच आहे."

मुले माना डोलवत; कळत कुणालाच नसे. तेव्हा माझी पाळी येई.

शिपाईकाका माझ्यात वाफाळता चहा ओतत. सर त्यात तापमापी धरून सांगत, की चहा खोलीपेक्षा जितका जास्त गरम, तितका तो भराभर निवतो, आणि निवत आला की त्याची घाईही कमी होते. हे एका ओळीत लिहिले की झाले समीकरण. मी किती चटकन उष्णता सोडतो त्याचा आकडा सरांनी पहिल्याच वर्षी काढला आणि लाल रंगाने माझ्या बुडावर लिहून ठेवला. त्यावरून ते फळ्यावर भाकीत लिहीत: ऐंशी अंशांचा चहा चौदाव्या मिनिटाला पन्नासावर येणार. आणि बरोबर चौदाव्या मिनिटाला सर पहिला घोट घेत. वर्ग टाळ्यांनी दणाणे. चहा निवण्यात माझे कर्तृत्व ते काय! तरी मला आपले बरे वाटे.

पुढे वर्गात प्रोजेक्टर आला. पडद्यावरचा चहा न सांडता, न डाग पाडता निवू लागला. माझ्या पोटात खडूचे तुकडे आणि एक सुकलेले पेन राहायला आले. अशी सात वर्षे गेली.

यंदा एका तासाच्या तोंडावर प्रोजेक्टरचा दिवा गेला. सरांनी खडू ओतून टाकले आणि मला विसळून घेतले. तास सुरू होण्याआधीच एक मुलगी टेबलापाशी आली. ती गेल्या वर्षी या विषयात नापास झालेली. म्हणून वर्गातली वर्षाने लहान मुले तिला 'ताई, ताई' करून चिडवत. तिने विषय सोडण्याचा अर्ज पुढे केला.

"सर, सही हवी होती. माझं डोकंच गणिताचं नाही. मामा तर लहानपणापासून सांगतोय."

"देतो ना. एवढा चहा निवू दे, मग जा," सर म्हणाले.

चहा आला. फळ्यावर चौदा मिनिटे लिहिली गेली. पण नवव्याच मिनिटाला तापमापी पन्नासावर!

"सर, चहा आज अभ्यास करून आला नाही वाटतं!" मागून कुणी ओरडले. वर्ग खो खो हसला. सर गोरेमोरे झाले. मला वाटले, संपले आपले. आता खडूसुद्धा नशिबी नाहीत.

तेवढ्यात ताई हळूच म्हणाली, "सर, पंखा."

"पंख्याचं काय?"

"तो बंद असायचा. गेल्या वर्षी मी इथेच घामाघूम होऊन नापास झालेय, मला चांगलं आठवतंय. सुट्टीत दुरुस्त केलेला दिसतोय. वारा लागल्यावर चहा लवकर निवणारच ना!"

"म्हणजे माझं समीकरण चुकलं?"

"समीकरण नाही, सर. आकडा जुना झाला."

सरांनी तिच्या हातात खडू दिला. मोजलेल्या तपमानांवरून तिने अडखळत, दोनदा खोडून, नवा आकडा काढला. शिपाईकाकांनी दुसरा चहा आणला. तो पंच्याऐंशी अंशांचा होता. ताईने लिहिले, दहावे मिनिट. सगळे घड्याळाकडे टक लावून बसले. मी तर श्वासच रोखला. नाहीतरी मला तो नाहीच.

दहावे मिनिट. बरोबर पन्नास!

"ताई, ताई!" मुले ओरडली. या वेळी कुणी चिडवत नव्हते. सरांनी घोट घेतला आणि मला नेमके तिच्या अर्जावर ठेवले. कागदावर चहाचा गोल डाग उमटला.

"अरेरे! खराब झाला. दुसरा लिहून आणतेस?" सरांनी विचारले.

"राहू द्या, सर," ती म्हणाली आणि डाग पडलेल्या कागदाच्या पाठीवर पुढचे गणित उतरवून घेऊ लागली.

आज माझ्या बुडावर दोन आकडे आहेत. दुसरा ताईच्या अक्षरात आहे, किंचित तिरका. खडू आता खोक्यात राहतात.

मित्रांनो, घरातल्या जुन्या पेल्यांना टवका उडाला म्हणून टाकून देऊ नका. आणि तुमचा आकडा कुणी फार पूर्वी काढून ठेवला असेल, तर एकदा पुन्हा मोजून पाहा. मधल्या काळात पंखा सुरू झालेला असतो.