बोकडाच्या वाढदिवसाचं बॅनर

बजरंगला तोंडावर जळका म्हटलं तर तो अंगावर येईल. पण दुसरा शब्द आणायचा तरी कुठून? एका बाईनं चित्राखाली चार ओळी काय लिहिल्या, या गड्याचं जेवणावरचं मन उडालं.

पालमच्या स्टँडामागं त्याचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवसाचं बॅनर करावं तर बजरंगनंच, असं सगळा तालुका मानतो. कुणाच्या नावामागं 'भावी' लावायचं, कुणाचा फोटो वर घ्यायचा, कुणाला खाली शुभेच्छुकांच्या ओळीत बसवायचं, कुणाचं तोंड बोटभर मोठं करायचं, यावरून इथं भावाभावांची बोलाचाली बंद पडते. दिवसभर असली खरी बॅनरं करून झाली की बजरंग गमतीची खोटी बॅनरं करायचा आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. ग्रुपचा ॲडमिनही तोच. लोक हसून हसून बेजार व्हायचे.

पण खरं सांगायचं तर त्याला लोकांचं एवढं नव्हतं. त्याला पाहिजे असायचं योगीराजचं हसू.

योगीराज त्याचा शाळेपासूनचा जिगरी. स्टँडाच्या तोंडाशी बसून गुरांची दावी, कासरे, घुंगरमाळा विकतो. जन्मापासून त्याला दिसत नाही. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बजरंग त्याच्या शेजारी पोत्यावर बैठक मारायचा, फोन काढायचा आणि आदल्या दिवशीचं चित्र त्याला सांगायचा. सांगायचा म्हणजे कसं? आवाज काढून, तोंड वेंगाडून, मधेच त्याच्या मांडीवर थाप मारून. योगीराज दोर वळता वळता असा हसायचा की एसटीतली माणसं खिडकीतून वाकून बघायची. एखाद्या दिवशी चहा चुकला तरी बजरंगचं भागायचं, ते हसू चुकलं की दिवस वाया.

मग एक दिवस योगीराजनंच ग्रुपवर आवाज टाकला. "समदे हसायलाव दोस्तहो. त्यात काय हाय ते मला बी कुणी लिहून सांगा की. लिहिलेलं माझा फोन वाचून दाखवतो."

बजरंगला ते वर्मी लागलं. अरे, मी रोज येऊन सांगतो ते काय मग? पण तो काही बोलायच्या आत शिवकन्यानं उत्तर दिलं. शिवकन्या म्हणजे किशनराव टेलरची सून, माहेर पिंगळीचं. तिचा मामा आंधळा. फोन अक्षरं घडाघडा वाचतो आणि चित्रापाशी आला की 'फोटो' एवढंच म्हणून गप होतो, हे तिनं घरात बघितलेलं. तिनं लिहिलं, "भाऊजी, आजपासून मी लिहीत जाईन."

पहिल्या एक-दोन चित्रांखाली तिनं साधंच लिहिलं. बजरंगनं मनात म्हटलं, असल्या कोरड्या भाकरीवर कोण हसतंय. आणि मग त्यानं ते बोकडाचं बॅनर टाकलं.

दिवसभर खपून केलं होतं बिचाऱ्यानं. घडीभरात खाली शिवकन्याचं लिहिणं आलं: "वाढदिवसाचं बॅनर. मधोमध बोकड. डोक्याला फेटा, डोळ्याला काळा चष्मा, तोंडात कडब्याचं पान. वर लिहिलंय, भावी सभापती. खाली शुभेच्छुक म्हणून कोंबड्यांची रांग. सगळ्या साहेबांकडं बघतायत. कडेच्या एकीचं तोंड निम्मं कापलं गेलंय. मागच्या वाढदिवसाला ती दुसऱ्या बोकडाच्या बॅनरवर होती वाटतं."

ग्रुप नुसता उसळला. जो तो त्या कडेच्या कोंबडीच्या मागं लागला. ताडकळसच्या सिद्धोधननं तर लिहिलं, "मी आता आधी वहिनीचं वाचतो, मग चित्र बघतो." डोळे शाबूत असलेला माणूस हा!

आणि ती कोंबडी बजरंगनं मुद्दाम कापलेली नव्हतीच. कडेला जागा पुरली नाही, नजर चुकली. खऱ्या बॅनरवर असं झालं असतं तर तो शुभेच्छुक माणसं घेऊन दुकानात आला असता. इथं त्याच्याच चुकीवर लोक हसत होते, आणि शाबासकी शिवकन्याला.

सकाळी तो पोत्यावर बसला, फोन काढला. "ऐक, एक बोकड हाय..."

"ऐकलं की काल," योगीराज म्हणाला. "ती कडेची कोंबडी. लय हसलो गड्या. घरचे म्हणाले, याला काय झालं."

हसून झालं होतं. बजरंग तिथं नसताना. यानं फोन तसाच खिशात घातला. दुकानात जाताना समोरच टेलरचं दुकान, आत शिवकन्या शिलाई मशीनवर बसलेली. तिनं मान डोलावली, यानं बघितलंच नाही असं केलं. तिनं त्याचं काय घेतलं होतं हे तिला बापडीला ठाऊकही नव्हतं.

दुपारी बजरंगनं एक काम केलं. ग्रुपच्या सेटिंगात गेला आणि फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करून टाकलं. कारण काय दिलं? ग्रुपात कचरा लय व्हायलाय. मग त्यानं नवं चित्र टाकलं. एसटीत खिडकीपाशी बसलेली म्हैस आणि तिच्याकडं तिकीट मागणारा कंडक्टर. खाली कुणाचं एक अक्षर नाही. त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला.

दुसऱ्या सकाळी त्यानं म्हैस अशी काही रंगवून सांगितली की रंगवायचं काही बाकी ठेवलं नाही. कंडक्टरचा आवाज काढला, म्हशीचा काढला, मांडीवर थाप मारली आणि थांबला.

योगीराज दोर वळत राहिला. "वहिनीचं लिहिणं कामून बंद केलंस?"

"मी हाय की सांगायला. ती काय माझ्यापरीस भारी सांगती का?"

"तसं न्हाई." योगीराजनं दोराला पीळ दिला. "तू सांगतोस, थाप मारतोस, अन् मग गप बसून माझ्या तोंडाकडं बघतोस. मला दिसत नसलं तरी कळतंय ते. मग मला हसावं लागतं. शाळेपासून हसायलोय."

बजरंगनं त्याच्या मांडीवरचा हात काढून घेतला. "म्हंजे खोटं हसायलास व्हय?"

"समदं खोटं न्हाई रे. पर खरं कोन्तं अन् तुझ्यासाठी कोन्तं, ते माझं मलाच कळंना झालं होतं. फोन वाचतो तवा माझ्याकडं कुणी बघत न्हाई. आवडलं तर हसतो, न्हाई तर पुढं जातो. तुमाला समद्यांना तेवढं मिळतंय, मला कामून न्हाई?"

बजरंगला भयंकर राग आला. योगीराजचा आला, शिवकन्याचा आला, त्या वाचणाऱ्या फोनचा आला. उठून जावं असंही वाटलं. पण जाऊन जाणार कुठं? या जागेशिवाय सकाळी त्याला दुसरी जागाच नव्हती. त्यानं फोन काढला आणि सेटिंग मोकळं केलं.

शिवकन्याला म्हशीखाली लिहायला वेळ लागला नाही. योगीराजनं फोन कानाशी धरला आणि फोन वाचायला लागला. म्हैस, खिडकी, कंडक्टर, त्याचा वैतागलेला चेहरा. वहिनीनं कुठं काही कमी केलं नव्हतं. बजरंगनं मुद्दाम तोंड फिरवलं आणि लोह्याला जाणाऱ्या एसटी गाडीकडं बघत राहिला. नजर तिकडं, कान मात्र इकडं.

वाचून संपलं. हसू आलं नाही. योगीराजनं फोन खाली ठेवला आणि परत दोर हातात घेतला.

"बजरंग," तो म्हणाला, "म्हैस न्हाई जमली."

इतक्या वर्षांत हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं. बजरंग गाडीकडंच बघत राहिला. मग वळला आणि बारीक आवाजात विचारलं, "कामून रे?"

आणि योगीराज सांगायला लागला.