शेवंतीच्या दशम्या

"शेवंतीबाई, पाणी तापलं का गं? पायांची पार लाकडं झालीत!"

आनंदने खालच्या वळणावरून हाक दिली. दर वर्षी तो तिथूनच हाक देई आणि शेवंती चुलीपुढून ओरडे, "तापलंय रे बाला, तू आदी वर तं ये!" पाणी या वर्षीही तापलं होतं. दुपारपासून मी जाळ घालत होतो. पण मी पायरीवर नुसता उभा राहिलो.

मंडळी वर आली. ठाण्याच्या शाळेतली वरच्या इयत्तांची मुलं, दोन-तीन शाळा सोडलेली, त्यांचे हरिहर मास्तर आणि स्वयंपाकाला सखंभट, असे मिळून दर वर्षीसारखे तेरा जण. नाताळची सुट्टी लागली की आगगाडीने कल्याणला उतरायचं, तिथून कापणी झालेल्या खाचरांतून चार कोस चालायचं, डोंगर चढून या बंगल्यावर यायचं. दोन दिवस राहून तिसऱ्या दिवशी सकाळी तसंच चालत परत. मुलांची शरीरं घट्ट व्हावीत म्हणून मास्तरांनी हे सुरू केलं होतं. बंगला मुंबईच्या एका शेठचा. शेठ उन्हाळ्यात पंधरा दिवस येत. बाकी वर्षभर इथे राखणीला मी आणि माझी बायको शेवंती.

"शेवंती दिसत नाही ती?" सखंभटाने पडशी खाली ठेवत विचारलं. "माहेरी गेली काय?"

"भादव्यात गेली," मी म्हटलं. "तापानं. आठ दिवस होता."

आनंद पायातली वहाण काढत होता, तो तसाच वाकून राहिला.

मास्तर म्हणाले, "अरेरे. वाईट झालं, धाकू." मग म्हणाले, "मुलांना पाय धुवायला पाणी दे."

त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. पाय खरंच धुवायचे होते.

आम्हाला मूल झालं नाही. हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वर्षातून दोन दिवस या बंगल्यात मुलांचा गलबला असे, आणि शेवंती दिवाळी झाली की त्या दोन दिवसांची वाट बघू लागे. जमीन सारवी, लाकडं फोडून घेई, टाक्यातला गाळ मला काढायला लावी. पहिल्या वर्षी आनंद तेरा वर्षांचा, सगळ्यांत लहान. त्याने एकदा इंग्रजी चित्रांच्या वर्तमानपत्रात पाहिलं होतं की थंड मुलखातले लोक पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून कोसच्या कोस जातात. इथे आल्यावर त्याने शेठच्या जुन्या खोक्याच्या फळ्या काढल्या, पायांना सुंभाने बांधल्या आणि बंगल्यामागच्या वाळल्या गवताच्या उतरावर उभा राहिला.

"बर्फ म्हंजे काय वो?" शेवंतीने मला विचारलं.

शेठच्या मुंबईच्या घरी मी एकदा पाहिला होता. "पानी थिजून दगड होतं."

"मंग ते पितात कसं?"

तेवढ्यात आनंद सुटला. दहा हात गेला आणि गडगडत खाली. शेवंती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग उठून हळद-चुना घेऊन धावली. त्याच्या गुडघ्याला लावताना म्हणाली, "घोरपडीसारखा गेलास रे!" मुलांनी ते नाव धरलं. वर्षभर त्याला शाळेत घोरपड म्हणत, असं त्याने पुढच्या वर्षी येऊन तिला सांगितलं. तिला त्याचा फार अभिमान वाटला.

त्या फळ्या अजून भिंतीला टेकून आहेत.

मुलांना पाणी आमच्या हातचं चाले. अन्न चालत नसे. म्हणून सखंभट बरोबर येई. त्यात वाईट वाटायचं काही नव्हतं, रीतच ती. पण शेवंतीच्या मनात ते राही. पहिल्याच वर्षी तिने सखंभटाला विचारलं, "काईच चालत नाय का वो भटजी, आमच्या हातचं?"

सखंभट नारळ खवत होता. मान वर न करता म्हणाला, "दुधात भिजवलेली दशमी चालते म्हणतात वाटेवर. पाण्याचा थेंब लागता कामा नये."

"खरं?"

"म्हणतात बुवा."

तो सहज बोलून गेला. तिने ते गाठीला बांधलं. मंडळी निघायच्या दिवशी पहाटे उठून टाक्याच्या गार पाण्याने तिने अंघोळ केली आणि ओलं लुगडं नेसूनच चुलीपुढे बसली. बामणांच्या बाया ओलेत्याने रांधतात असं तिने कुठे तरी ऐकलं होतं. पौषातली थंडी. दात वाजत होते. तांदळाचं पीठ, गूळ आणि आमच्या गाईचं दोन दिवस राखलेलं दूध. तेरा दशम्या केल्या, जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या तुकड्यात बांधल्या आणि मास्तरांपुढे ठेवल्या.

"दुधातल्या हायत. पान्याचा थेंब नाय."

मास्तरांनी सखंभटाकडे पाहिलं. सखंभटाने दुसरीकडे पाहिलं. "बरं, ठेव," मास्तर म्हणाले. "वाटेत उपयोगी पडतील."

मंडळी गेल्यावर पाहिलं तर पडवीत एक तांब्या राहिलेला. मी तो घेऊन मागे धावलो. पायथ्याला ओढा आहे आणि ओढ्याकाठी उंबर. उंबराखाली ते गाठोडं पडलं होतं. कापड सुटलं होतं, आत तेरा दशम्या जशाच्या तशा. एका दशमीवर कावळा बसला होता. मंडळी खाचरांतून पुढे जाताना दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही. तांब्या वर्षभर माझ्याकडेच राहिला.

दशम्या मी खालच्या वाडीतल्या बैलांना घातल्या. कापड ओढ्यात धुतलं, पिळलं आणि वर आलो.

ती दारातच होती. "खाल्ल्या?"

मी पागोटं काढून खुंटीला लावलं. "खाल्ल्या."

"सगल्या?"

"सगल्या. उंबराखाली बसले नि खाल्ल्या."

"आनंदानं?"

"त्यानं दोन."

"मंग कमी कुनाला पडली?"

"भटानं आपली दिली त्याला."

"खोटं! तो भट देनार?"

"दिली. तोंड वाकडं केलान, पन दिली."

ती हसत आत गेली. दिवसभर अधूनमधून हसत होती.

पुढची चार वर्षं हेच झालं. ती ओलेत्याने बसे, तेरा दशम्या करी. मंडळी निघाली की लाकडं आणायच्या निमित्ताने मी खाली जाई, गाठोडं उचली, बैलांना घाली, कापड धुई आणि वर येऊन सांगे. दर वर्षी काहीतरी नवीन सांगावं लागे. एकदा मास्तर म्हणाले गूळ बेताचा आहे. एकदा दोघं शेवटच्या तुकड्यावरून भांडले. एका वर्षी गाठोड्यात बाराच होत्या. तेरावी कावळ्याने नेली असेल असं मी धरलं. टाकत कोण होतं ते मी कधी पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं.

भादव्यात तिला ताप आला. खालच्या वाडीतून वैदू आणला, त्याने काढे दिले. सातव्या दिवशी ती जरा सावध झाली. मी उशाशी बसलो होतो.

"अवो, यंदा दशम्या तुमी करा."

"तू करशील. अजून तीन महिने हायत."

"दूध ऊन करायचं, उतू जाऊ द्यायचं नाय. पीठ कमी मललं तर फाटतात. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

मग ती डोळे मिटून म्हणाली, "यंदा तरी खातील."

मी पांघरूण तिच्या खांद्यापर्यंत ओढलं.

"खोटं सांगताना तुमी पागोटं काढता," ती म्हणाली. "एरवी जेवायला बसलात तरी डोक्यावरच असतं. पयल्याच वर्षी कललं मना."

"मंग दर वर्षी कशाला केल्यास? थंडीत कुडकुडत?"

"तुमी सांगायचात ते बरं वाटायचं." ती थोडी हसली. "भटानं तोंड वाकडं केलान म्हने."

दुसऱ्या दिवशी ती गेली. वाडीतल्या चार जणांनी खाली नेली. ओढ्यापलीकडे, उंबराच्या समोर, तिला अग्नी दिला. तिथे सपाट जागा आहे, दुसरीकडे नाही.

या वर्षी मुलं दोन दिवस राहिली, पण गलबला नव्हता. दुसऱ्या दिवशी कोणीतरी फळ्या काढल्या. आनंद आता अठरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला. त्याने सुंभ बांधलं, उतरावर उभा राहिला, सुटला आणि पडला. पडल्यापडल्या त्याने मान वळवून चुलीच्या खोलीकडे पाहिलं. मग उठून फळ्या सोडल्या आणि होत्या तिथे ठेवल्या. पुन्हा कोणी त्यांना हात लावला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी टाक्यावर गेलो आणि अंघोळ केली. पाणी अंगावर पडलं तसा श्वास अडकला. पाच वर्षं तिने हे केलं आणि मी पांघरुणात पडून तिच्या बांगड्या ऐकत होतो. ओलं धोतर नेसून चुलीपुढे बसलो. दूध उतू गेलं. उरलं त्यात पीठ भिजवलं. पहिली दशमी तव्याला चिकटून फाटली.

दारात सावली पडली. सखंभट होता. ओल्या धोतराकडे, परातीकडे त्याने पाहिलं.

"पान्याचा थेंब नाय, भटजी," मी म्हटलं.

तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. "जाळ कमी कर. करपतायत."

मी लाकूड मागे ओढलं.

"आता परत. अरे, हळू! कड सुटू दे आधी. हं. आता."

तो उंबऱ्याच्या आत आला नाही. पण तेराव्या दशमीपर्यंत तिथेच बसून राहिला. तरी सगळ्यांच्या कडा काळ्या झाल्याच. शेवटची उतरल्यावर तो गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि म्हणाला, "तिच्या कडांना डाग नसायचा." मग गेला.

मी गाठोडं बांधून आनंदच्या हातात दिलं. "तिनं सांगितलंवतं," एवढंच म्हणालो.

त्याने ते दोन्ही हातांनी धरलं. "धाकू, तिला कुठे नेलं?"

"खाली. ओढ्याशी, उंबराच्या समोर."

आनंदने सखंभटाकडे पाहिलं. सखंभट पडशीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला. मास्तर म्हणाले, "चला, ऊन चढेल," आणि मंडळी निघाली.

मी झाडू घेऊन खोल्या झाडल्या. राख काढली. परात घासली. जायचंच नाही असं ठरवलं होतं. आता कोणाला सांगायचं होतं? पण कापड तिच्या लुगड्याचं होतं. ते तिथे पडून कसं चालेल?

मी खाली उतरलो. वाटेत बैलांचा विचार करत होतो. वाडीतला तो पांढरा बैल म्हातारा झाला आहे, त्याला चावणार नाहीत, मोडून घालाव्या लागतील.

उंबराखाली काही नव्हतं. मी झुडपांत पाहिलं, ओढ्यात पाहिलं. कावळाही नव्हता.

पाण्याकाठच्या खडकावर कापड वाळत घातलं होतं. धुतलेलं, ताणून पसरलेलं, चार कोपऱ्यांवर चार दगड. शेजारी पळसाचं पान होतं आणि पानावर काळे, वाकडे तुकडे. मी एक उचलून पाहिला. दशम्यांच्या करपलेल्या कडा होत्या. तेवढ्या मोडून बाजूला ठेवल्या होत्या. त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

मी तिथे बसलो. समोर तिची जागा होती, तिच्यावर आता गवत आलं आहे. लांब खाचरांतून मंडळी कल्याणच्या दिशेने जात होती, एकामागे एक, बोटाएवढी. ती दिसेनाशी होईपर्यंत बसलो. कापड अजून दमट होतं, ते खांद्यावर टाकून डोंगर चढलो.

दारात आल्यावर सवयीने हात पागोट्याकडे गेला. मी तो खाली घेतला. पागोटं डोक्यावर तसंच ठेवून आत गेलो, चुलीपुढे तिच्या जागेसमोर बसलो, आणि म्हटलं, "खाल्ल्या गो. सगल्या."