कपड्यांतली माणसं

नगराध्यक्ष बाईंनी माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि हॉलभर नजर फिरवली. अग्निशमन दलाच्या त्या हॉलमध्ये साठेक माणसं बसली होती. कोट, टाय, इस्त्रीचे शर्ट. त्यांत आमचं एकही माणूस मला दिसलं नाही.

प्रश्न तळ्याच्या पूर्वेकडच्या काठाचा होता. तिथं आम्ही कपडे न घालता पोहतो, तसेच उन्हात पडतो, तसेच बसून बटाट्याचं सॅलड खातो. माझी बायको त्राउटे आणि मी एकेचाळीस उन्हाळे तिथं गेलो. या काळात देशाचे दोन तुकडे एक झाले, नोटा बदलल्या, कारखाना बंद पडला. तो काठ तसाच राहिला. मग समोर सुट्टीसाठी भाड्यानं द्यायचे बंगले झाले. बंगलेवाल्यांनी घरोघरी पत्रकं वाटली, ‘कुटुंबांसाठी स्वच्छ किनारा’. त्यावर कुणाच्या तरी म्हाताऱ्या पाठीचा चोरून काढलेला फोटो होता. स्वच्छ म्हणे. त्यांच्या पाहुण्यांच्या बाटल्या आम्हीच उचलायचो.

पोहण्याचे कपडे सक्तीचे करणारी पाटी लावायची की नाही, यावर त्या संध्याकाळी नगरपालिकेचे नऊ सदस्य मत देणार होते. त्राउटे फेब्रुवारीत गेली. घरात मला ती आजारीच आठवते. तळ्यावर ती धडधाकट होती. म्हणून मला तो काठ हवा होता, दुसरं काही नाही.

माझ्या आधी एक बंगलेवाला बोलला. अगदी गोड बोलला. पाहुण्यांबरोबर लहान मुली असतात, सकाळी नाश्ता करताना त्यांना समोर हे असलं दिसतं, म्हणाला.

“दुर्बीण खाली ठेवा, मग नाही दिसायचं,” मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मी वळूनही पाहिलं नाही. डोकं तापलं होतं.

आमच्या तळ्यावरच्या हानेलोरेनं आठवड्यापूर्वी फोन करून सांगितलं होतं की आपले अकराही जण येणार. चार सदस्य आपले आहेत, बेकरीवाला धरला तर पाच. मी तीन ओळी लिहून आणल्या होत्या. तो कागद खिशातच ठेवला.

मी म्हणालो की आमचे लोक भेकड निघाले, एकही आला नाही. तुम्ही मात्र नटूनथटून आलात. पहिल्या रांगेत निळ्या जाकिटातली एक बाई माझ्याकडे बघून हसत होती, मान डोलावत होती. मी तिच्याकडे बोट केलं.

“आणि तुम्ही हसताय काय, बाई? माझ्या बायकोला हाकलायला आलात ना? ती मेली. आता खुशाल ठोका पाटी.”

तिचं हसू गेलं.

“राइनहोल्ड,” ती हळू म्हणाली, “अरे, मी हानेलोरे.”

एवढ्या वर्षांत मी तिला तळ्यावरच पाहिलेलं. तिथं मी सगळ्यांना लांबूनच ओळखतो. चालीवरून, पोकावरून, ऑपरेशनच्या व्रणावरून. गावात कुणी भेटलं तर त्राउटे माझा दंड दाबायची आणि कानात नाव सांगायची. मी हात पुढे करायचो. चेहरे लक्षात ठेवायचं काम तिचं होतं.

मी पुन्हा पाहिलं. दुसऱ्या रांगेत टाय बांधून आमचा एबरहार्ट. दुर्बिणीचा टोमणा त्याचाच असणार. त्याच्यामागे तळ्यावर रोज गाणारी आमची बाई, केस विंचरून आवळून बांधलेले. अकराच्या अकरा होते. गावानं बोट दाखवू नये म्हणून सगळे लग्नाला जावं तसे आले होते. बोट मीच दाखवलं.

“तुमची माणसं तुम्हालाच ओळखू येत नाहीत, ब्रात्के,” नगराध्यक्ष बाई म्हणाल्या. “मग गावानं कशी ओळखायची?”

मोठा हशा झाला. मी खाली बसलो.

बेकरीवाल्यानं पाटीच्या बाजूनं हात वर केला. ज्यांचं आपसात पटत नाही त्यांच्यासाठी मी गिऱ्हाईकांशी का वैर घेऊ, असं तो म्हणाला. पाच विरुद्ध चार, पाटी मंजूर झाली.

बाहेर अजून ऊन होतं. मी सायकलचं कुलूप काढत होतो. एबरहार्ट समोर येऊन उभा राहिला आणि त्यानं हात पुढे केला.

“एबरहार्ट क्लूगे. पोस्टात होतो.”

तळ्यावर आम्ही आडनाव विचारत नाही, नोकरी विचारत नाही. मी हात मिळवला. त्याच्यामागून गाणारी बाई आली, तिनं आपलं नाव सांगितलं, शाळेत स्वयंपाकीण होते म्हणाली. मग बाकीचे, एकेक. कुणी रागावून बोललं नाही. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

हानेलोरे आली नाही. ती आपल्या गाडीत बसली होती, समोर बघत, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी सायकल भिंतीला टेकवली आणि तिच्या खिडकीशी गेलो. काच बंद होती. मी टोपी काढली आणि काचेबाहेरूनच तिला माझं पूर्ण नाव सांगितलं.