झडपेची गळती

"डाव्या कुशीवर वळा. हात डोक्याखाली घ्या," ती म्हणाली आणि थंडगार जेलचा गोळा तिने त्याच्या छातीवर टाकला. तो दचकला. तिला बरं वाटलं.

यादीतलं नाव वाचलं तेव्हाच तिने ओळखलं होतं. कारखान्यातला सुपरवायझर, आता निवृत्त झालेला. त्याने मात्र तिला ओळखलं नाही. तिच्या तोंडावर मास्क होता, आणि तसंही एका क्रेनवाल्याच्या बायकोचा चेहरा तो कशाला लक्षात ठेवतोय?

तिचा नवरा त्याच्या हाताखाली क्रेन चालवायचा. वार्षिक तपासणीत नवऱ्याच्या रिपोर्टवर 'झडपेची किंचित गळती' असं लिहून आलं. त्यातलं 'किंचित' गाळून या माणसाने तो कागद सगळ्यांसमोर वाचला. "हृदय गळतंय याचं. वर चढवला आणि टपकला, तर माझ्या गळ्याशी येईल," असं म्हणून आधी क्रेनवरून उतरवलं, मग गेटवर बसवलं, मग घरी पाठवलं.

नोकरी गेली तेही एक वेळ चाललं असतं. पण नवऱ्याने ते मनाला लावून घेतलं. अकरा वर्षं त्याने पोरीला कडेवर घेतलं नाही. भांडतानासुद्धा आवाज चढवला नाही, आणि बायकोशी धड भांडतासुद्धा येत नसेल तर संसार कसला? घर चालवायला म्हणून ती इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायला शिकली. अशी गळती कितीतरी धडधाकट माणसांना असते, हे तिला तिथे कळलं. तिने घरी येऊन सांगितलं, पण तोवर तो आजारात पुरता मुरला होता. शेवटी गेला तो काविळीने. हृदय बिचारं अखेरपर्यंत चोख चालत होतं.

आता पडद्यावर सुपरवायझरची झडप उघडमीट करत होती आणि प्रत्येक ठोक्याला रंगाची एक बारीक रेघ उलटी सरकत होती. किंचित गळती. अगदी तेवढीच. मास्कच्या आत तिला हसू फुटलं.

"काही आहे का हो ताई?"

टेक्निशियनने तोंड उघडायचं नाही, सांगायचं ते डॉक्टर सांगतील, हा तिथला नियम. नऊ वर्षं तिने तो पाळला होता.

"तुमच्याकडे एक क्रेनवाला होता ना? झडपेची गळती म्हणून काढलेला?"

त्याने आठवून पाहिलं. "असे बरेच होते हो. कुठला म्हणता?"

तो माफी मागेल, नाहीतर कारणं देईल, असं तिने हजारदा मनात रंगवलं होतं. त्याला आठवणारच नाही, हे कधी तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मशीनचा आवाज वाढवला. खोलीभर घुस्स, घुस्स व्हायला लागलं.

"हे काय वाजतंय?"

"तुमची झडप. गळतीय."

"म्हणजे?"

"म्हणजे गळतीय. पुढचं डॉक्टर सांगतील. सोमवारी." आज शुक्रवार होता.

छाती पुसून त्याने शर्टाची बटणं चुकीचीच लावली. त्याची ही दशा बघायला मिळावी म्हणून ती मुद्दाम दारापर्यंत गेली. बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. "हृदय गळतंय म्हणे," तो तिला म्हणाला. बायको उठली आणि त्याच्या शर्टाची चुकलेली बटणं पुन्हा लावायला लागली. बायकोचा तो चेहरा हिच्या ओळखीचा होता. अकरा वर्षं आरशात तोच दिसत होता.

ती चरफडत बाहेर आली आणि तिने मास्क खाली ओढला. "काका, ऐका. किंचित आहे ते. चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसांना असतं. औषधसुद्धा लागायचं नाही, फार तर अधूनमधून तपासायचं. मी मुद्दाम अर्धं सांगितलं तुम्हाला."

त्याने तिच्याकडे फार मायेने पाहिलं.

"भल्या आहात हो ताई. धीर देताय, कळतंय मला."

हातातली पिशवी त्याने बायकोकडे दिली आणि जिन्याचा कठडा धरला. एक पायरी उतरला, थांबला, दम घेतला. बायको पिशवी सावरत एक पायरी खाली उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.