चुलीवर चढलेलं इंजिन

भाकरीच्या चुलीवर मोटारसायकलचं इंजिन शेकताना तुम्ही कधी पाहिलंय का? नसेल, तर थोडं बसा. मी तीच मोटारसायकल बोलतेय.

माझा जन्म विलायतेतला. आगबोटीतून मुंबईला उतरले आणि महाडच्या एका जंगल ठेकेदाराकडे आले. त्याचा धंदा बसला, तशी मी गुरांच्या गोठ्यात पडून राहिले. कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली. पुढे पोलादपूरच्या रावजींनी मला बाहेर काढलं आणि मागे पावाची पेटी बांधली. महाडच्या बेकरीतून पाव, खारी, टोस्ट घ्यायचे आणि डोंगरातल्या वाड्यांवर विकायचे. माझा आवाज आला की बायका चहाचं आधण ठेवूनच दारात येत.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर माझ्या पोटात खडखड सुरू झाली. इंजिनातला मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ज्या बेअरिंगांवर फिरतो ती झिजली होती. महाडच्या सोमा मिस्त्रींनी मला उघडलं, मुंबईहून नवी बेअरिंगं मागवली. ती आली आणि मिस्त्री तापाने गेले.

माणूस गेला की घरचे त्याच्या वस्तू झाकून ठेवतात. मिस्त्रींच्या बायकोने, गोदूबाईंनी, मला झाकलं नाही. घमेल्यातल्या माझ्या दांड्याला त्या अधूनमधून तेल लावत राहिल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी मिस्त्रींच्या हातात नट खोलायचे पाने दिले होते, सुटे भाग रॉकेलने धुतले होते. बसवलं मात्र कधीच काही नव्हतं.

शिमगा जवळ आला, तसे दीर हैबती गावाहून आले.

"वैनी, हत्यारं विकून टाकू. गॅरेज काय बाईमाणसानं चालवायची गोष्ट हाय?"

"रावजींची गाडी अर्धी पडलीय, भावजी. ती पुरी करते. मग चालवायचं की नाही ते बघू."

"आन् नाय चालू झाली तर?"

"तर टेम्पो आणा. माझ्या हातानं भरून देईन."

"होळीच्या आदल्या दिवशी सकाळी आनतो," हैबती म्हणाले. रावजींनाही होळीआधीच गाडी हवी होती. शिमग्याला मुंबईकर गावी आले की पाव पुरत नसे.

बेअरिंग काही केल्या माझ्या केसिंगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचात, जाईना. दारात चार पुरुष जमले. एकाने माझ्या चाकाला लाथ घालून पाहिली. का, ते त्यालाच ठाऊक. हैबतींनी हातोडा पुढे केला.

"हान एक. जातंय आत."

"हे मारून बसवलं तर दांडा सरळ फिरणार नाही. आणि रावजी घाटात अडकतील."

मिस्त्री केसिंग स्टोव्हवर गरम करत, हे गोदूबाईंनी पाहिलं होतं. स्टोव्ह तर त्यांच्या आजारपणातच विकला गेला होता. त्यांनी चुलीवर तवा ठेवला, तव्यावर माझं केसिंग. गरम केसिंग जरासं फुलतं. पण फाल्गुनातल्या त्या दुपारी बेअरिंगही तापलं होतं. ते निम्म्यात गेलं आणि वाकडं अडकलं. दारातलं कुणीतरी फिसकन हसलं. गोदूबाईंनी केसिंग पुन्हा तव्यावर ठेवलं, तापू दिलं, फडक्याने धरून उलटं आपटलं. बेअरिंग खाली पडलं.

तेवढ्यात मच्छीवाली ठकूबाई पाटी घेऊन आली.

"गो गोदू, काय शिजवतेस गो? वास तर येश्टीचा येतोय!"

गोदूबाई तिच्या पाटीकडे बघतच राहिल्या. "ठके, बर्फ आहे का खाली?"

"हाय की, बांगड्यांखाली."

गोदूबाईंनी बेअरिंगला तेल लावलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि बर्फात खुपसलं.

"अगो बाय माझे! गिऱ्हाईकानं हे वजनात मागितलं तर काय सांगू?"

"काटा नसलेला बांगडा म्हणून सांग."

बेअरिंग गार होऊन आकसल्यावर गोदूबाईंनी पुन्हा तापवलेल्या केसिंगवर पाण्याचे थेंब टाकले. भाकरीच्या तव्यावर नाचतात तसे ते नाचले आणि उडून गेले. त्यांनी बेअरिंग पुसून वरून सरळ सोडलं. टक्! ते बसलं. हातोडा हैबतींच्या हातातच राहिला.

दुसरं बेअरिंगही तसंच बसलं. दांडा आत घालून त्यांनी नट आवळून केसिंग मिटवलं, दांडा हाताने फिरवून पाहिला. दांडा जड फिरत होता.

"चालेल वैनी, पळता पळता सैल होईल," हैबती म्हणाले. आवाज आता मऊ होता.

"नाही होणार. जळेल."

आणि सगळे नट खोलून त्यांनी मला पुन्हा उघडलं. दांड्याच्या कडेची एक चकती जाड झाली होती. ती काढली, पातळ घातली, परत बंद केलं, परत फिरवलं. आता दांडा एका बोटाने फिरत होता. पिस्टन, सिलिंडर, साखळी चढवेपर्यंत टेम्पोच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ झाली. टाकीत पेट्रोल नव्हतं. रावजी सकाळी आणणार होते. गोदूबाईंनी हात धुतले आणि त्याच चुलीवर भाकरी टाकली.

मी लोखंडाची. मला हात जोडता येत नाहीत, पण मागणं आहे. एखादं काम कुणी मन लावून करत असेल, तर दारात उभं राहून त्याच्या हातात हातोडा देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतींचा टेम्पो दाराशी उभा असताना रावजींनी किक मारली, मी सुरू झाले, आणि टेम्पो रिकामा परत गेला.