वस्तादाच्या हवाली

साहेबांच्या वाढदिवसाचा सामना होता, म्हणून बाळासोला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली होती. फ्लेक्सवर साहेबांच्या भल्यामोठ्या चेहऱ्याखाली त्याच्या नातीचा, अनुजाचा, नखाएवढा फोटो होता. तरी तो खूश होता. तिचा खेळ बघायला बिद्रीहून पहिल्या एसटीनं आला होता.

तेवढ्यात फोन वाजला. अनुजाच्या कॉलेजातल्या कालिंदी मॅडम.

"आजोबा, अनुजा कुठं आहे?"

"हितंच की. बास्केटबॉल खेळाय आलीया."

"आज तिचं बारावीचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे. शेवटची बॅच अर्ध्या तासात बसेल. आली नाही तर गैरहजर. पुण्याचं कॉलेज तिला खेळावर घेतंय, पण बारावी पास झाल्यावर. तिच्या सरांना मी परत परत कळवलं होतं."

बाळासोनं फोन खिशात टाकला. अनुजा आठवीत असताना तिची उंची बघून बास्केटबॉल शिकवणाऱ्या उदयसिंह सरांनी संघासाठी पोरगी मागितली, तेव्हा त्यानं तालमीची रीत पाळली होती. सरांना फेटा बांधला, नारळ दिला आणि सांगितलं, आजपास्नं पोर तुमची. तालमीत एकदा पोर वस्तादाच्या हवाली केलं की घरच्यांनी तोंड उघडायचं नसतं. त्यानं उघडलं नव्हतं. पोरीच्या हातात पुस्तक दिसेनासं झालं तेव्हाही नाही.

तो उठला आणि चपलांसकट मैदानात शिरला.

"काय आबा," सर हसत पुढं आले, "तुमी बी खेळताय व्हय?"

"पोरीची परीक्षा हाय आज."

"म्हाईत हाय. जुलैत परत देता येती. साहेब काय रोज येत्यात व्हय? आन् असल्या पोरीला काय करायचीत पुस्तकं?"

"तुमचा धवल कुठं दिसंना?"

धवल सरांचा मुलगा, अनुजासारखाच बारावीत आणि मुलांच्या संघाचा कप्तान. सर फ्लेक्सकडं बघायला लागले. शेजारी उभी असलेली, अनुजाच्या संघातली वर्षाराणी बॉल बगलेत धरून सहज बोलून गेली, "त्येचं बी प्रॅक्टिकल हाय की. सरांनीच सोडलं सकाळी गाडीवरनं."

आता सगळं मैदान ऐकत होतं.

"पोटच्या पोराला परीक्षेला सोडलासा," बाळासो म्हणाला, "आन् माझ्या नातीला हारतुऱ्यापुढं उभी केलासा. उद्या हिचा गुडघा गेला तर तुमी दुसरी उंच पोरगी हुडकशीला. हिनं काय करायचं?"

"वस्तादाशी असं बोलत्यात व्हय, आबा?"

"वस्ताद समजलो, तितंच खाल्ली माती." तो नातीकडं वळला. "चल गं."

अनुजा हलली नाही. "मला काय बी येत न्हाय, आबा. वरीसभर लॅबमदी पाय ठेवला न्हाय. तितं जाऊन हसं करून घिऊ? हितं निदान मला येतंय."

बाळासोचा चढलेला आवाज खाली आला. मग तो म्हणाला, "न्हाय आलं तर न्हाय आलं म्हणून लिव्ह. पर गैरहजर ऱ्हायचं न्हाय."

"आज गेलीस तर माझ्या टीममदी परत जागा न्हाय," सर म्हणाले.

अनुजा सवयीनं त्यांच्या पाया पडायला वाकली आणि अर्ध्यातच थांबली. सरळ उभी राहिली. सरांपेक्षा ती टीचभर उंच होती.

"सर, खेळाडूंना मार्क असंच पडत्यात म्हणालतासा. धवलला बी तसंच सांगितलासा?"

सरांनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही.

दोघं रिक्षात बसली, पण फाटकातून साहेबांच्या गाड्या आत शिरत होत्या आणि रिक्षाला बाहेर पडायला वाट नव्हती. बाळासो खाली उतरला, पहिल्या गाडीपुढं हात आडवा करून उभा राहिला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, शिवी दिली. रिक्षा बाहेर पडेपर्यंत तो जागचा हलला नाही.

रिक्षात अनुजानं मॅडमना फोन लावला. "मॅडम, मी येतीया. मला काय बी म्हाईत न्हाय. आधी काय हातात घ्यायचं, तेवढं सांगा."

"आधी एप्रन," मॅडम रागानंच म्हणाल्या. "फाटकात घेऊन उभी आहे. पळत ये."