बिनडागाचे बटाटे

बटाट्याच्या कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं. यंत्रातून सोलून निघालेला बटाटा पट्ट्यावरून सरकत यायचा आणि त्यावरचा काळा डाग, मग तो तिळाएवढा का असेना, घारीच्या नजरेतून सुटायचा नाही. वाकड्या टोकाची सुरी, मनगटाचा एक झटका, की डाग खाली बादलीत. बटाट्यावर उरायचा छोटासा खड्डा. दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे, पण तिला या कामाचा अभिमान होता. अभिमान बाळगावा असं तिच्यापाशी दुसरं फारसं नव्हतंही.

शेजारी तिची धाकटी बहीण उभी असायची. नवऱ्याने टाकल्यावर ती घारीकडेच राहायला आली आणि घारीनेच तिला या टेबलावर लावलं. पण रोजंदारीवर. काम असलं तर बोलावणं, नसलं तर घरी. हिला एकदा कायम करून घेतलं की मी डोळे मिटायला मोकळी, असं घार येताजाता म्हणायची. तिचं वय काही डोळे मिटायचं नव्हतं, पण बोलायची हौस दांडगी.

कारखान्यात टेबलं दोन, खिडकीकडचं आणि भिंतीकडचं, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. कुणाचा माल स्वच्छ, यावरून डबा खाताना रोज भांडण. त्यामुळे एका दुपारी विक्रीचे साहेब दोन ताटं घेऊन जेवणाच्या खोलीत आले, तेव्हा बायकांना वाटायचं तेच वाटलं. आज निकाल लागणार.

दोन्ही ताटांत बटाट्याच्या फोडी होत्या. एकातल्या कडेने तपकिरी पडलेल्या, मधूनमधून खड्डे असलेल्या. दुसऱ्यातल्या पांढऱ्याशुभ्र.

"सकाळीच चिरून ठेवलेत," साहेब म्हणाले. "कुठून आले, कसे आले ते आत्ता विचारू नका. दुकानात समोर दिसले तर कुठले घ्याल, एवढंच सांगा."

घारीने पांढरी फोड उचलून उजेडात धरली. डाग नव्हता. खड्डाही नव्हता. सुरी लागल्याची खूणच नव्हती. इथे तिने थांबायला हवं होतं. डाग काढला की खड्डा पडणारच, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण माया आंधळी असते, आणि त्या घडीला घारीलाही दिसेनासं झालं. एवढा हलका हात आपल्या धाकटीशिवाय कुणाचा असणार, एवढंच तिच्या मनात आलं.

"हे आमच्या टेबलाचं काम," ती ताठ होऊन म्हणाली. "हिचं काम आहे साहेब, हिचं. अशी मुलगी तुम्ही रोजंदारीवर ठेवलीय."

"ताई, अगं मी कधी..." धाकटीने तोंड उघडलं, तोच घारीने तिला कोपर मारलं. मग खिडकीकडच्या सगळ्यांनी पांढऱ्या ताटासाठी हात वर केले. भिंतीकडच्यांनीही केले, कारण त्यांना ते आपलं वाटलं. साहेब इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

थोड्याच आठवड्यांत कारखान्याच्या मालाच्या पिशव्या बदलल्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं की हा बटाटा जनुकं बदलून तयार केलेला आहे. आपटला तरी आतून काळा पडत नाही, चिरून ठेवला तरी रंग बदलत नाही. लोक आधी बिचकले. खाऊन पोटात काय उगवेल कुणास ठाऊक, म्हणाले. मग त्याचा भाव जुन्या बटाट्याच्या खाली आला आणि सगळ्यांची भीती पळाली. भाव खाली का आला, तर डाग काढायला माणसं लागत नव्हती. हे मात्र पिशवीवर कुठेच छापलेलं नव्हतं.

आधी भिंतीकडचं टेबल उचललं. मग खिडकीकडच्या रोजंदारीच्या बायकांना बोलावणं यायचं थांबलं, त्यांत धाकटीही आली. हळूहळू कायमच्या बायकांचेही हिशेब झाले. टेबलावरच्या सगळ्यांत जुन्या मावशींनी जाताना घारीला दारातच गाठलं.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," त्या म्हणाल्या. "तू बोट दाखवलंस आणि आम्ही मेंढरांसारखे हात वर केले."

"मी गप्प बसले असते तर थांबलं असतं का हे, मावशी?"

"नसतं थांबलं. पण आपण आपल्या तोंडाने मागितलं तरी नसतं."



पट्ट्यावर नजर ठेवायला एकच बाई ठेवायची ठरली, आणि ती घार. धाकटीसाठी शब्द टाकायला ती साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला खुर्ची दिली.

"ताई, लोकांना हाच बटाटा हवाय," ते म्हणाले. "तुम्ही तर सगळ्यांच्या आधी निवडलात."

"मला वाटलं, ते माझ्या धाकटीनेच साफ केलेत."

साहेबांना आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा त्यांनी तिच्यासाठी चहा सांगितला. धाकटीसाठी काम मात्र निघालं नाही.

त्या संध्याकाळी घार घरी आली, तर धाकटी ओट्यापाशी बटाटे चिरत होती. शेजारी नवी पिशवी पडलेली.

"हे आणलेस?"

"मग काय आणू? आता हेच परवडतात." धाकटीने वाटीतली फोड पुढे केली. "आणि बघ ना ताई, सकाळी चिरून ठेवलेली ही, अजून जशीच्या तशी. यात काढायला काहीच नाही गं."

ती टोमणा मारत नव्हती. मारला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. घारीने फोड दिव्याखाली धरली. उलटी केली, सुलटी केली, परत उलटी केली. एक डाग सापडावा, तिळाएवढा तरी, असं तिला फार वाटत होतं.

"टाक गं पातेल्यात," धाकटी म्हणाली. "पाणी केव्हाचं उकळतंय."

घारीने फोड पातेल्यात टाकली.